बीएस्सी झाली, दीड वर्ष गेलं. साडेचौदा हजारांची पहिली नोकरी घ्यावी की थांबावं?

भगवंतनगरी
नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला मागण्यात अर्थ नाही.

धाकटी बहीण बीएस्सी केमिस्ट्री, सोलापूर विद्यापीठ, २०२४ ची पासआउट. सीजीपीए ७.८. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिलीच. वडिलांची साडेतीन एकर, सोयाबीन आणि तूर. मी बार्शीत एका पतसंस्थेत क्लार्क. निकाल लागला त्या दिवशी आईने गल्लीभर पेढे वाटले. त्याला आता दीड वर्ष होईल. तेवढ्यात बहिणीने साठ-सत्तर ठिकाणी अर्ज केले, उत्तर आलं चार ठिकाणांहून. दोघांना दोन वर्षांचा अनुभव हवा होता. तिसऱ्याने पुण्याला बोलावलं. पहाटेच्या एसटीने दोघं गेलो, तर गेटवरच कळलं की जागा कालच भरली.

चौथं उत्तर कुरकुंभ एमआयडीसीतून. औषधांचा कच्चा माल बनवणारी कंपनी, क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणारा विभाग) ट्रेनी, महिना १४,५००, पण कंत्राटदाराच्या रोलवर. दौंडला खोली घेऊन राहावं लागेल. खोली आणि डबा धरून सहा हजार तरी जातील.

घरात चार माणसं, चार मतं. आई म्हणते बीएड. मामा म्हणतात पुण्याला ठेव, स्पर्धा परीक्षा करू दे. वडिलांना एमएस्सी हवी. तिला स्वतःला काम करायचंय, पण 'एवढं शिकून साडेचौदा हजार?' हे चुलत्यांचं वाक्य तिच्या मनाला लागलंय. इथे बरेच जण या वाटेने गेलेले आहेत. तुमची पहिली नोकरी कशी होती? आणि तिने काय करावं?

शास्त्रीरोड
दादा, मामांच्या सल्ल्यावर आधी बोलतो, कारण त्या वाटेवर माझी पाच वर्षं गेली.

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिलो. सकाळी सातला अभ्यासिका, रात्री अकराला परत. पूर्व दोनदा निघाली, मुख्य एकदाही नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांवर. फी खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये, राखीवला ९००. वडिलांनी ते हजार रुपये कोणाकडून उसने आणले होते ते मला नंतर कळलं.

अभ्यास वाईट नाही, त्याने मला वाचायला शिकवलं. पण तिथे वय कळत नाही. बाजूच्या खुर्चीवरचा एकतिसाव्या वर्षीही बसलेला असतो, म्हणून सव्वीस म्हणजे लवकरच वाटतं. आज मी बारामतीत बियाण्यांच्या कंपनीत फील्डवर आहे. मुलाखतीत त्या पाच वर्षांबद्दल विचारलं तेव्हा घशाला कोरड पडली होती. बहिणीला जायचंच असेल तर घरून निघतानाच तारीख ठरवा: अमुक वर्षाच्या अमुक परीक्षेपर्यंत, पुढे नाही. आणि ती तारीख मामांना ठरवू देऊ नका, तिला ठरवू द्या.

ब्युरेट
हा धागा माझ्यासाठीच आलाय असं वाटलं. तेरा वर्षं फार्मा क्यूसीत आहे. बीएस्सी केमिस्ट्रीच, एमएस्सी नाही. २०१२ मध्ये तारापूरला ७,५०० वर लागले. चौघी मिळून बोईसरला एका खोलीत राहायचो.

भगवंतनगरी, पगाराआधी एक गोष्ट विचारा: ती हात कशाला लावणार? क्यूसी म्हणजे एक काम नव्हे. कच्च्या मालाचं सॅम्पलिंग, पीएच, लॉस ऑन ड्राइंग, टायट्रेशन हे सगळं वेट लॅबमध्ये चालतं. नवीन पोरींना तिथेच ठेवतात आणि ते बरोबरही आहे. पण वर्ष-दीड वर्षात एचपीएलसी किंवा जीसी या तपासणीच्या मोठ्या मशीनवर बसवणार असतील तर ती नोकरी सोन्याची. पुढची कंपनी तिच्या कागदावर पहिल्यांदा तेच शोधते: कुठलं मशीन चालवलंस, कुठलं सॉफ्टवेअर, कुठल्या ऑडिटला समोर होतीस. दोन वर्षं नुसती भांडी विसळून आणि सॅम्पलच्या बाटल्यांना लेबलं चिकटवून काढलीत तर अनुभवाचं पत्र मिळेल, अनुभव मिळणार नाही.

माझा पहिला महिना आठवतो. टायट्रेशन बरोबर आलं आणि मी रीडिंग हातावर लिहून ठेवलं, वाटलं नंतर वहीत उतरवू. सीनियर मॅडमनी माझा हात धुवायला लावला आणि पूर्ण टेस्ट परत करायला सांगितली. आमच्याकडे जे त्या वेळी, त्या जागी, शाईने लिहिलं नाही ते झालंच नाही. कॉलेजात अपेक्षित उत्तर माहीत असायचं आणि आम्ही रीडिंग त्याकडे ओढायचो. तीन वर्षांच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलने जी सवय लावली ती पहिल्या सहा महिन्यांत मोडावी लागली. बीएस्सीच्या मुलींचं सगळ्यात जास्त इथेच अडतं, ज्ञानात नाही.

जुना_मुकादम
स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आम्ही ८५ साली सातपूरला हेल्पर म्हणून लागलो तेव्हा पगार विचारायची हिंमत नव्हती. आताच्या मुलांना घराजवळ हवं, रविवार सुट्टी हवी, एसी हवा. काम भरपूर आहे, करणारे नाहीत. माझ्याच ओळखीच्या वर्कशॉपला वेल्डर मिळत नाही.

बालाघाट
काका, तुमचा मान राखून सांगते. वेल्डर मिळत नाही हे खरं, पण या मुलीला तीन वर्षं वेल्डिंग कोणी शिकवलं नाही, रसायनशास्त्र शिकवलं. आणि ती बार्शीहून दौंडला खोली घेऊन राहायला तयार आहे, घराजवळ कुठे मागतेय?

आकडेमोड
जुना_मुकादम यांच्या मुद्द्यावर थोडे आकडे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांचा भारतातल्या रोजगारावरचा अहवाल मार्च २०२४ मध्ये आला. त्यात २०२२ साली तरुण पदवीधरांमध्ये बेरोजगारी २९.१ टक्के, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. वरवर पाहिलं तर काकांचंच खरं वाटेल, की शिकलेले नखरे करतात. पण न शिकलेल्याला बेरोजगार राहणं परवडतच नाही. तो संध्याकाळच्या चुलीसाठी मिळेल ते काम धरतो आणि त्याची गणना 'काम आहे' अशी होते. ते काम कसलं, किती दिवसांचं, हे त्या टक्क्यात दिसत नाही.

दुसरा आकडा भगवंतनगरींना धीर देणारा आहे. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालात पंचविशीच्या आतल्या पदवीधरांमध्ये बेरोजगारी ४२.३ टक्के, आणि पस्तिशी ओलांडलेल्या पदवीधरांमध्ये पाच टक्क्यांच्याही खाली. म्हणजे काम शेवटी बहुतेकांना लागतं. मधली दहा वर्षं कशी जातात आणि हाती लागलेलं काम शिक्षणाला साजेसं असतं का, खरी काळजी त्याची आहे.

जुना_मुकादम
चुलीचा मुद्दा पटला. आम्हीही चुलीपायीच लागलो होतो, हौसेने नाही. वेल्डिंगचा शब्द मागे घेतो.

ऑफरलेटर
माझं उलट झालं. २०२२ मध्ये नाशिकच्या कॉलेजातून कॅम्पसला मोठ्या आयटी कंपनीत निवड, वर्षाला साडेतीन लाख. कॉलेजने फ्लेक्सवर फोटो लावला. मग जॉइनिंगची तारीख येईना. मेल केला की एकच उत्तर, 'लवकरच कळवू'. चौदा महिने. या काळात मी बेरोजगार आहे असं म्हणताही येत नव्हतं, कारण लोकांच्या लेखी मी नोकरीला लागलेलो होतो. लग्नाकार्यात लोक विचारायचे, 'पुण्याला की बंगळूरला?' मी कार्यक्रमांना जाणंच सोडलं.

शेवटी सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकून बाणेरला एका छोट्या कंपनीत १८,००० वर लागलो. मोठ्या कंपनीचा मेल त्यानंतर दोन महिन्यांनी आला, तोही आणखी एक परीक्षा द्या म्हणून. मी गेलो नाही. सांगायचं एवढंच, की हातात आलेली नोकरी कागदावरच्या नोकरीपेक्षा खरी असते. आणि ते साडेतीन लाख माझ्या मोठ्या भावाच्या वेळीही, दहा वर्षांपूर्वी, जवळपास तेवढेच होते. खोलीभाडं मात्र तेव्हाचं राहिलेलं नाही.

आजीबाई_सांगली
बाळा, कार्यक्रमांना जायचं सोडू नकोस रे. विचारणारे विचारतात आणि जिलबी खाऊन विसरतात.

ऑफरलेटर
आजी, आता जातो. जिलबीही खातो. :)

तिसरी_पाळी
चाकणला वीस वर्षं टाइम ऑफिस आणि आता एचआर सांभाळतो. कंत्राटदाराच्या रोलवर आहे म्हणून लगेच नाही म्हणू नका, पण होकार देण्याआधी खालचं सगळं तोंडी नाही, कागदावर घ्या.

१४,५०० हे हातात की ग्रॉस? ग्रॉस असेल तर पीएफचे मूळ पगाराच्या १२ टक्के आणि ईएसआयसीचे (कामगार विमा) ०.७५ टक्के कापले जातील. ग्रॉस २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसी लागू होतं. ते कापतात म्हणून तक्रार करू नका, उलट कापत नसतील तर तक्रार करा. यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर, पहिल्या महिन्यात मिळाला पाहिजे. पुढच्या कंपनीत तिचा अनुभव खरा की खोटा हे त्या पीएफच्या नोंदीवरूनच तपासतात. व्यवसाय कर महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंतच्या पगाराला २०२३ पासून माफ आहे, तो कापला तर विचारा.

नियुक्तीपत्रावर कंत्राटदाराचं नाव असेल, ते ठीक. पण 'क्यूसी' हा शब्द आणि कामाचं ठिकाण त्यात आलंच पाहिजे. मी अशी पत्रं पाहिली आहेत ज्यात केमिस्टचं काम करणाऱ्या मुलीचं पद 'हेल्पर' लिहिलेलं. दोन वर्षांनी ती काय दाखवणार? ओरिजिनल मार्कलिस्ट कोणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, ओरिजिनल घरी. बाँड मागितला तर सही करण्याआधी इथे टाका, आपण वाचू.

आणि कोणी 'वर्षाचं पॅकेज' सांगून भुलवलं तर लक्षात ठेवा: सीटीसीमध्ये, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चात, कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के, विमा सगळं धरलेलं असतं. लग्नात माणशी खर्च सांगताना मांडवाचं भाडंही धरतात, पण पानात वरण-भातच पडतो, तसं ते आहे.

शास्त्रीरोड
मांडवाचं भाडं! हे मी आमच्या ऑफिसात सांगणार.

बालाघाट
माझंही सांगते. बीकॉम, बीड जिल्हा, मराठी माध्यम. संभाजीनगरला सीए ऑफिसात ६,००० वर सुरुवात. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, 'जीएसटीआर-१ कधी भरायचं?' मला जीएसटीचा इतिहास पाठ होता, तारीख माहीत नव्हती. आज झोपेतून उठवलं तरी सांगेन: सातला कापलेला कर (टीडीएस), अकराला आर-वन आणि वीसला थ्री-बी ही जीएसटीची विवरणपत्रं. तीन वर्षांच्या बीकॉममध्ये आम्ही एकदाही पोर्टल उघडलं नव्हतं.

मला सगळ्यात जड गेलं ते इंग्रजी. क्लायंटचा फोन वाजला की मी पाणी प्यायला उठायचे. एका सहकारी ताईंनी युक्ती सांगितली: फोन येण्याची वाट बघू नकोस, रोज एक फोन तू स्वतःहून कर, आणि बोलायची चार वाक्यं आधी लिहून घे. वर्षभर वहीत वाक्यं लिहिली. आता चाळीस क्लायंट बघते. भगवंतनगरी, तुमच्या बहिणीला भाषेची भीती असेल तर ती पगारापेक्षा आधी मोडायला हवी, आणि ती घरी बसून मोडत नाही.

लीड्सकर
अवांतर होईल, पण 'परदेशात एमएस्सी' असा सल्ला कोणी देईल, त्याआधी सांगते. मी २०२२ मध्ये कर्ज काढून इंग्लंडला आले. एमएस्सी छान झाली. नंतर कामासाठी दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना तो दीडच वर्षाचा मिळणार आहे. पुढे राहायचं तर कंपनीने स्पॉन्सर करावं लागतं आणि त्यासाठी पगाराची साधारण अट आता वर्षाला ४१,७०० पौंड आहे, सवलतीत बसलात तर कमी. नवख्या लॅब टेक्निशियनला तेवढं क्वचित मिळतं. मी नऊ महिने वेअरहाऊसमध्ये खोकी भरली. नंतर लॅब मिळाली ती भारतातल्या दोन वर्षांच्या क्यूसी अनुभवावर, इथल्या डिग्रीवर नाही. म्हणून ब्युरेट ताईंशी शंभर टक्के सहमत.

गुरुजी_परभणी
आईंच्या बीएडबद्दल कोणीच बोललं नाही. मी जिल्हा परिषद शाळेत आहे. नोकरी समाधानाची आहे यात शंका नाही. पण दार किती वेळा उघडतं ते बघा. शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी २०१७ ला झाली, मग थेट २०२३, मग २०२५. मधल्या सहा वर्षांत बीएड होऊन बसलेल्या मुलामुलींनी काय करायचं? लागल्यावरही आधी तीन वर्षं शिक्षण सेवक. माध्यमिकचं मानधन २०२३ मध्ये ८,००० वरून १८,००० केलं, ते चांगलं झालं. शिकवायची ओढ असेल तर जरूर करावं. 'मुलींना बरं' एवढ्यासाठी करू नये, वर्गातल्या लेकरांवर त्याने अन्याय होतो.

नवखा_२५
मला 'विमानतळावर नोकरी' म्हणून फोन आला होता. रजिस्ट्रेशनचे ३,५०० भरले, मग युनिफॉर्मचे ५,००० मागितले, मग नंबर बंद. घरी अजून सांगितलेलं नाही. कुणाला सांगू?

तिसरी_पाळी
आधी १९३० ला फोन लाव, आत्ता. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. व्यवहाराचा स्क्रीनशॉट जपून ठेव. आणि घरी सांग. तू फसलास, तू फसवलेलं नाहीस. नोकरी देणारा पैसे देतो, मागत नाही.

आजीबाई_सांगली
सांग रे घरी. एक दिवस ओरडतील.

नवखा_२५
१९३० ला लागला फोन. तक्रार नोंदवली. आईला सांगितलं. ओरडली नाही, जेवायला वाढलं.

आकडेमोड
नवखा, शाब्बास. तुला आणि इतरांनाही माहीत असावं म्हणून: काही न घेता काम शिकवणाऱ्या सरकारी वाटा आहेत. केंद्राच्या शिकाऊ उमेदवार योजनेत (नॅट्स) बीए, बीकॉम, बीएस्सीवालेही बसतात, फक्त इंजिनीअर नाहीत. २०१९ च्या नियमांत पदवीधराला किमान ९,००० विद्यावेतन ठरलं आणि शेवटी सरकारी प्रमाणपत्र मिळतं. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली, पदवीधराला महिना १०,०००, आधी सहा महिने, नंतर आणखी पाच वाढवले.

ऑफरलेटर
त्या युवा प्रशिक्षणात माझा मित्र तहसीलला होता. काम मनापासून केलं, पण मुदत संपल्यावर पुढे काय याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. मुदतीनंतर त्या जागी घेतलं जाईल असं धरून चालू नये.

भगवंतनगरी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर हा धागा सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. शास्त्रीरोड यांचं लिहिलेलं वाचताना मामा गप्प झाले. आई गुरुजींच्या शेवटच्या वाक्यावर म्हणाली, 'खरंय.' परवा आम्ही दोघं कुर्डुवाडीहून गाडी धरून दौंडला, तिथून कुरकुंभला जाऊन आलो. पुढचं तिलाच लिहू देतो.

अभिक्रिया
मी बहीण. तुम्ही सांगितलेले प्रश्न वहीत लिहून नेले होते, वही समोर ठेवूनच विचारले. भीती वाटत होती, पण क्यूसीचे सर म्हणाले, 'बरं झालं लिहून आणलंस.'

१४,५०० ग्रॉस आहे. पीएफ आणि ईएसआयसी कापून हातात तेराच्या आसपास येतील. पहिले आठ महिने वेट लॅब, नंतर जीसीवर ट्रेनिंग. एचपीएलसी दुसऱ्या वर्षी, हे त्यांनी मेलवर लिहून दिलं. मुलींना जनरल आणि पहिली पाळी, बस दौंडहून आहे. कंत्राटदाराच्या पत्रात पद 'असिस्टंट' एवढंच होतं. मी 'क्यूसी' घालायला सांगितलं, त्यांनी दोन दिवसांत बदलून पाठवलं. बाँड नाही. लॅबमध्ये बारामतीची एक मुलगी भेटली, २०२३ ची. तिच्या खोलीत एक जागा आहे, २,२०० रुपये.

सोमवारी जॉइन होतेय. चुलत्यांना काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. ब्युरेट ताई, या चार दिवसांत काय वाचून जाऊ?

ब्युरेट
अगं, किती छान! जीसी आधी मिळतेय तर आणखी चांगलं, सॉल्व्हंटवाल्या प्लांटला त्याचीच गरज असते. चुलत्यांना काही सांगू नकोस, दिवाळीला पहिल्या पगारातलं काहीतरी घेऊन जा.

वाचायचं फार नाही. नॉर्मॅलिटी, मोलॅरिटी, डायल्यूशनची गणितं कागद-पेन घेऊन रोज दहा कर, कॅल्क्युलेटरशिवाय अंदाज आला पाहिजे. बफर कसा करतात ते उजळून घे. पिपेट तोंडाने ओढायची सवय कॉलेजात लागली असेल तर आजच सोड. दोन पेनं ठेव, निळं की काळं ते तिथे विचार. चूक झाली तर खाडाखोड नाही, एक रेघ, सही, तारीख.

आणि पहिल्या दिवशी सेफ्टी शूज तुझ्या मापाचे मागून घे. पुरुषांच्या मापाचे देतात आणि मुली संकोचाने घालतात. मी दोन वर्षं आठ नंबरमध्ये कापूस भरून चालले. तुझा नंबर काय?

अभिक्रिया
पाच.

ब्युरेट
मग आजच मेल करून कळव. पाच नंबर मागवायला त्यांना आठवडा लागतो.